न पाहिलेलं शेवटचं रीळ

शकूनं कात्रण माझ्या ताटाशेजारी ठेवलं आणि विचारलं, “दादा, हा तूच लिवलायस ना?” मी कचेरीतून दुपारचा जेवायला घरी आलो होतो. घास तोंडात होता म्हणून नुसती मान हलवली. धाकटी बहीण मुरबाडहून अशी एकटी, न कळवता, पोटऱ्यांपर्यंत धूळ घेऊन दारात उभी राहते म्हणजे काहीतरी बिनसलं आहे, एवढं कळायला फार अक्कल लागत नाही. पण खरं सांगायचं तर माझं लक्ष आधी कात्रणाकडे गेलं. त्यावर माझं नाव नव्हतं. ‘प्रेक्षक’ एवढीच सही होती, कारण सरकारी कारकुनानं सिनेमावर लिहिलेलं मामलेदारसाहेबांना चालेल की नाही, हे विचारायचा धीर मला कधी झाला नव्हता. तरी वाक्यं माझी होती आणि कागद उलटा असूनही मी ती ओळखली. एका जागी शाईनं रेघ मारलेली होती. “मालती ट्रंक घेऊन पायऱ्या उतरते. ती मागे वळून पाहत नाही. या क्षणी दिग्दर्शकाने वाद्येही थांबवली आहेत, फक्त वहाणांचा आवाज येतो. जिथे मान नाही तिथे मंगळसूत्र हे नुसते ओझे, हे आपल्या बोलपटाने प्रथमच इतक्या धीटपणे सांगितले.” मी घास गिळला आणि म्हणालो, “मीच लिवलाय.” बोलताना आवाजात थोडी ऐट आली होती, त्याची मला अजून लाज वाटते. शकू म्हणाली, “मग मी आता हितंच राहनार,” आणि बोचकं खाली ठेवून पाय धुवायला मागच्या दारी गेली.

माझी बायको जनी हातात पळी घेऊन उभी होती. तिनं आणखी एक ताट घेतलं. मी हात धुतला तेव्हा जेवण झालं होतं की नाही ते आठवेना. शकूच्या लग्नाला नऊ वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. धाऊ, तिचा नवरा, वैशाखात दुसरी करणार होता. सरळगावकडची मुलगी पाहून ठेवली होती, सुपारी फुटली होती, आणि हे सगळं शकूला माहीत होतं, किंबहुना नवरीचं लुगडं पसंत करायला तिलाच बाजारात नेलं होतं. यात कोणाला काही वावगं वाटत नव्हतं. माहेरी सापगावला आमची आई म्हणाली होती, “तो तुला टाकीत तर नाय ना? मग?” धाऊ वाईट असता, मारझोड करत असता, दारू पीत असता, तर मला कसं वागायचं ते कळलं असतं. पण धाऊ भला माणूस होता. दर वर्षी नव्या तांदळाचं पोतं स्वतः गाडीत घालून आमच्याकडे आणायचा आणि ओट्यावर बसून मला विचारायचा, “दादा, औंदा कंचा सिनेमा चांगला?” अशा माणसावर रागवायचं कसं, हे मला कधी जमलं नाही.

आता सांगूनच टाकतो. कात्रणातला तो बोलपट, ‘दुसरा चुडा’, मी पाहिलेला नव्हता. आमच्या साप्ताहिकाचे संपादक कल्याणला असत. मुंबईत नवा बोलपट लागला की ते त्याची चोपडी टपालानं मला पाठवत. एका आण्याला मिळणारी ती चोपडी सगळ्यांनी पाहिलेली असते: वर नटीचा फोटो, आत गाणी, आणि गाण्यांच्या आधी दीड पान कथासार. हे कथासार नेमकं महत्त्वाच्या जागी थांबतं आणि म्हणतं की पुढे काय होते ते रुपेरी पडद्यावरच पाहा. पहिले तीन बोलपट मी खरोखर मुंबईला जाऊन पाहिले. आसनगावपर्यंत टांगा, तिथून गाडी, परत येताना दादरला धक्काबुक्की, दुसऱ्या दिवशी कचेरीत पेंग. चौथ्या वेळी रजा मिळाली नाही आणि अंक तर निघायचा होता. मी चोपडी समोर ठेवली, नटीच्या फोटोकडे बराच वेळ पाहिलं आणि लिहून काढलं. छायालेखन स्वच्छ, गाणी श्रवणीय, मध्यंतरानंतर कथा थोडी रेंगाळते. संपादकांचं कार्ड आलं, “या खेपेस आपली लेखणी विशेष रंगली आहे.” त्यानंतर मी मुंबईला गेलो नाही. चार वर्षांत कोणाच्याही लक्षात आलं नाही, कारण आमचं साप्ताहिक वाचणारे मुंबईला सिनेमाला जात नसत आणि मुंबईला जाणारे ते वाचत नसत. शहापुरात मात्र मला भाव होता. न्हाव्याच्या दुकानात दोघांचा वाद पेटला की कचेरीत येऊन मला विचारत, आणि मी कानावर टाक ठेवून निकाल देत असे. मला वाईट वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं.

‘दुसरा चुडा’ची चोपडी दिवाळीत आली होती. मालतीला मूल होत नाही, नवरा दुसरं लग्न ठरवतो, मालती स्वतःच्या हातानं नवरीला नटवते, आणि कथासार तिथे थांबतं. मी लिहायला बसलो ती रविवारची दुपार होती. बाहेर अंगणात उडदाच्या शेंगा वाळत होत्या आणि जनी त्यांवर काठी आपटत होती. मी शेवट शोधत होतो आणि मला तो दिसला, म्हणजे दिसलाच. दगडी पायऱ्या, ट्रंकेची कडी, मालतीच्या अंगठ्याला लागलेली माती. वहाणांचा आवाज तर इतका स्पष्ट ऐकू आला की वाद्यं थांबवल्याचं वाक्य मला रचावं लागलं नाही, ते नुसतं उतरवून घेतलं. आता शकू आल्यावर कचेरीत बसून मी तेच आठवत होतो. समोर सातबाराच्या नकला पडल्या होत्या आणि मी विचार करत होतो की त्या पायऱ्या कुठल्या. सापगावच्या घराला पायऱ्या नाहीत. धाऊच्या घराला दोन आहेत, त्याही मातीच्या. तो आवाज मी कुठेतरी ऐकलेला असणार. पहिल्या तीन बोलपटांतल्या कुठल्या तरी एकात असेल, किंवा शकूला सासरी पाठवली त्या दिवशीचा असेल, पण त्या दिवशी ती अनवाणी होती. लिहिताना माझ्या मनात शकू होती का? दुसरं लग्न ठरतंय हे मला तेव्हा माहीत होतं का? बोलणी दसऱ्याला सुरू झाली म्हणतात आणि धाऊ दिवाळीच्या आधी येऊन गेला होता. त्यानं सांगितलं असेल आणि मी सिनेमाच्या गप्पांत ते ऐकलं नसेल. किंवा ऐकलं असेल आणि त्याला काही म्हणायच्या ऐवजी मालतीला ट्रंक दिली असेल. मला ठरवता येईना. एका नकलेवर मी खातेदाराच्या नावाच्या जागी ‘मालती’ लिहिलं होतं ते शिरस्तेदारांनी दाखवलं तेव्हा कळलं.

घरी शकू रुळली. ती पाणी भरायची, जनीला भात कांडू लागायची, आणि माझ्याकडे फारसं पाहायची नाही. मी मात्र तिच्याकडे पाहत होतो. तिला वाचायला मी शिकवलं, ह्याच चोपड्यांवर. मी कल्याणला शिकायला होतो तेव्हाची गोष्ट. सुट्टीत येताना एखादी जुनी चोपडी आणायचो, गवताच्या उडवीशेजारी बसून ती गाण्यांवरून बोट फिरवायची, आणि कथासार थांबलं की विचारायची, “मंग काय झाला?” तिला काहीतरी सांगावं लागायचं. मी सांगायचो. एकदा मी राजकन्येला विहिरीत ढकललं तेव्हा ती दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. म्हणून पुढे पुढे मी तिच्या तोंडाकडे बघून शेवट करायला लागलो. परीक्षण छापून आलं की दर अंक मी तिला मुरबाडला टपालानं पाठवत असे. आपण काय लिहितो हे कळणारं एक माणूस असावं, एवढाच त्यात हेतू होता. मी तिला घराबाहेर पडायला सांगितलं नव्हतं. मी सिनेमाविषयी लिहिलं होतं. पण हे तिला कोणत्या तोंडानं सांगायचं, आणि सांगितलं तर पुढचा प्रश्न असा येणार की दादा, सिनेमात खरंच तसं आहे ना?

तिसऱ्या रात्री जेवताना जनीनं विचारलं, “अवो, वन्संचा काय ठरवलात?” शकू मागच्या दारी भांडी घासत होती. मी म्हणालो, बघू. जनी म्हणाली, “बघू काय? एका मानसाचा भात मला जड नाय. पन उद्या पावनं आले की त्यांच्यासमोर कोन बोलनार, मी का तुमी? लिवताना लय धीट व्हता.” तिच्या बोलण्यात टोमणा होता, पण तिला खरंच उत्तर हवं होतं. मला वाटत होतं की शकूनं राहावं. मला असंही वाटत होतं की धाऊनं यावं, तिनं आपण होऊन त्याच्याबरोबर जावं, आणि मला काही बोलावं लागू नये. ही दोन्ही मतं माझीच होती आणि दोन्ही एकाच वेळी होती. परीक्षणात असं चालत नाही. तिथे शेवटी बरा की वाईट ते सांगावं लागतं.

धाऊ पाचव्या दिवशी आला. तांदळाचं पोतं घेऊनच आला, त्यामुळे त्याला काय म्हणावं ते आणखीच कळेना. ओट्यावर बसून त्यानं तपकीर काढली आणि म्हणाला, “दादा, मी तिला काय कमी करनार नाय. चूल तिच्याच हातात राहील. तुमी शिकल्याले, तुमीच सांगा, मी काय वंगाळ करतोय?” मी म्हणालो, तसं नाही. तो थांबला, मी पुढे काही बोलेन म्हणून. मग जनी बाहेर आली आणि म्हणाली की मैदानात सिनेमाचा तंबू लागलाय, मुरबाडचा मुक्काम उरकून कालच आलाय, पावनं आलेच आहेत तर सगळेच जाऊ. मी विचारलं, “कंचा सिनेमा?” ते मला माहीत होतं. सकाळीच बैलगाडीवर फळी लावून, ढोल वाजवत तंबूवाले गावभर फिरले होते आणि मी कचेरीच्या खिडकीतून ते नाव वाचलं होतं. धाऊला आनंद झाला. शकू दारात उभी होती. ती म्हणाली, “जाऊ की.” तिच्या तोंडावर काय होतं ते मी पुष्कळ आठवून पाहिलं, पण मला आठवते ती फक्त चौकट.

तंबूत गवत अंथरलं होतं आणि ते पायाखाली ओलसर लागत होतं. मधे आडवी कनात होती, अलीकडे पुरुष, पलीकडे बायका, त्यामुळे शकू मला दिसत नव्हती. बाहेर इंजिन धडधडत होतं आणि त्याच्या तेलाचा वास विड्यांच्या धुरात मिसळला होता. माझ्या पुढे बसलेल्या दोघांनी मागे वळून मला रामराम केला आणि एकानं शेजाऱ्याला सांगितलं, हेच ते, पेपरात लिवतात ते. खेळ सुरू झाला. मालती पडद्यावर आली आणि मी दचकलो, कारण ती माझ्या मालतीपेक्षा बरीच जाड होती आणि हसताना तिच्या गालावर खळी पडत होती. मी लिहिलं होतं, “नायिकेच्या मुद्रेवरील गांभीर्य लक्षात राहते.” ती सारखी हसत होती. गाणी मात्र मी लिहिली तशीच श्रवणीय होती. मशीन एकच, त्यामुळे दर रीळ संपलं की दिवा लागे आणि माणसं डोळे चोळत एकमेकांकडे पाहत. अशा प्रत्येक उजेडात मी कनातीकडे पाहायचो. कनातीचं कापड पलीकडच्या कोणाच्या तरी पाठीनं फुगलेलं दिसायचं. ती शकूची पाठ असेल असं मला वाटायचं, आणि मग वाटायचं की नसेल.

शेवटच्या रिळाआधी दिवा लागला तेव्हा मालतीनं नवरीच्या हातात चुडा भरला होता. माझी चोपडी तिथेच संपली होती. यापुढचं मी पाहिलं नव्हतं आणि तरी चार महिन्यांपूर्वी छापून टाकलं होतं. मशीनवाला रीळ लावताना शिव्या देत होता, फीत अडकली होती, आणि मी मनात म्हणत होतो की ती तुटू दे. लोक आरडाओरडा करतील, पैसे मागतील, तंबू जाळतील, काय वाटेल ते होऊ दे. शकूला तिचा शेवट मी दिला आहे, तो तिच्याकडे राहू दे. आणि त्याच वेळी मला अशी विलक्षण आशाही वाटत होती की सिनेमात तसंच असेल. का नसावं? मला तो इतका स्वच्छ दिसला होता. फीत सुटली. अंधार झाला. मालतीनं खरोखर ट्रंक उचलली आणि पायऱ्या उतरू लागली, आणि त्या पायऱ्या दगडी होत्या. माझ्या अंगावर काटा आला. चौथ्या पायरीवर ती थांबली. सारंगी वाजू लागली, मग पेटी, मग सगळीच वाद्यं. ती वळली, धावत परत गेली, नवऱ्याच्या पायांवर कोसळली, नवरीनं तिला उठवलं, आणि दोघींनी मिळून तुळशीपुढे दिवा लावला. तंबूभर माणसं नाकं ओढत होती. धाऊ माझ्या शेजारी उपरण्यानं डोळे पुसत होता आणि हळूच म्हणत होता, “आसा पायजे. बाय म्हंजे अशी पायजे.” मला सिनेमाचा राग आला. तो चुकलाय असं वाटलं, मी लिहिलेलं बरोबर आहे आणि यांनीच शेवट बिघडवलाय असं. मग मला माझीच भीती वाटली.

बाहेर गर्दीत धाऊनं माझा दंड धरला. त्याचे डोळे अजून ओले होते आणि तो फार चांगला दिसत होता. तो म्हणाला, “आता तुमीच सांगा तिला. तुमचा ऐकते ती. सकाळी गाडी जुंपतो.” एवढं बोलून तो पान घ्यायला टपरीकडे वळला. बायका कनातीच्या बाजूनं बाहेर येत होत्या. जनी रडून लाल झाली होती. शकूचे डोळे कोरडे होते. मी तिला बाजूला घेतलं आणि जे सांगायचं ठरवलं नव्हतं तेच तोंडातून गेलं. “शकू, मी सिनेमा पायला नव्हता. चोपडीवरनं लिवला.”

“ठाव हाय मला,” ती म्हणाली. “मुरबाडला तंबू व्हता तवाच पायलाय मी. दोन येळा. पयल्यांदा वाटला, ह्यांनी शेवटचा तुकडा कापला. म्हनून दुसऱ्यांदा गेले. तवाबी ती परतच गेली.”

माझ्या कानांत इंजिनाची धडधड तेवढी राहिली. हे माहीत असून ती आली होती. बैलगाडीनं किन्हवलीपर्यंत, तिथून पायी. मी विचारलं, मग कात्रण घेऊन माझ्याकडे का आलीस, तुला तर कळलं होतं की ते सगळं खोटं आहे.

“खोटा कसा?” शकू म्हणाली. तिला माझं बोलणं खरंच समजलं नव्हतं. “सिनेमात नाय तर ता तुज्या मनातला. तुज्या मनातला म्हनून तर तुज्या घरी आले. सिनेमावाल्याच्या घरी कशी जाऊ मी?”

माझ्या मनात काय होतं ते तिला माहीत होतं आणि मला नव्हतं. धाऊ पान चघळत परत आला, त्यानं दुसरं पान माझ्यासाठी आणलं होतं, ते त्यानं माझ्या हातात दिलं आणि आमच्या दोघांच्या तोंडाकडे पाहिलं. “मंग? ठरला ना?” त्यानं विचारलं. जनी चार पावलांवर उभी होती आणि पदरानं तोंड पुसायचं थांबवून माझ्याकडे पाहत होती.

“शकू येनार नाय, पावनं,” मी म्हणालो. आवाज फार बारीक निघाला. इंजिनामुळे त्याला ऐकू गेलं नसेल असं वाटून मी पुन्हा म्हणालो. या खेपेस आवाज इतका मोठा झाला की जाणाऱ्या दोघांनी वळून पाहिलं. धाऊचं चघळणं थांबलं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं वाटलं असतं. त्यानं पानाची पिंक बाजूला टाकली आणि एखादा सिनेमा विचारावा तशा भाबड्या सुरात त्यानं विचारलं, “मंग पुढं काय व्हनार, दादा?”

मी शकूकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती, पूर्वी चोपडी संपल्यावर पाहायची तशी नव्हे, मला ती नजर नवीन होती. माझ्या डोक्यात भराभर दोनतीन शेवट येऊन गेले, चांगले, टाळ्या पडतील असे.

“मला ठाव नाय,” मी म्हणालो.

“तुमाला ठाव नाय?” धाऊला ते खरं वाटेना.

“नाय,” मी म्हणालो. “पन ती हितं राहील.”